मुदत दोन आठवडे

मुलगी जर्मनीत काय करते असं सांगलीत कुणी विचारलं, की आई "नगरपालिकेत आहे" एवढंच सांगायची. खातं सांगायची नाही. तिचंही बरोबरच होतं म्हणा. गावात कुणी, कुठल्या खोलीत, किती वाजेपर्यंत दारू पाजायची आणि त्याबरोबर गाणंबजावणं किती करायचं, हे ज्या टेबलावर ठरायचं त्या टेबलाशी मी निवृत्त होईपर्यंत बसले होते. आमच्या घरात तोवर दारू हा शब्द फक्त दिवाळीच्या फटाक्यांच्या संदर्भात उच्चारला जायचा.

गावाचं नाव सांगत नाही. हायडेलबर्गहून वाल्डॉर्फला जाताना लागणाऱ्या गावांपैकी एक धरून चाला. नवरा विनय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून इथे आला, त्याच्याबरोबर मी आले, जर्मन शिकले, नगरपालिकेतला कारकुनीचा कोर्स केला. आधी काही वर्षं पत्ते नोंदवण्याच्या खिडकीवर होते. तिथून माझी बदली ऑर्डनुंग्जआम्टमध्ये, म्हणजे गावातली शिस्त सांभाळणाऱ्या खात्यात झाली आणि गास्टहाउसं, म्हणजे जेवण आणि बिअर देणाऱ्या खानावळी, बार, डिस्को आणि जत्रा हे सगळं माझ्या गळ्यात पडलं.

काम बाहेरून वाटतं तितकं रंगीत नाही. इथे दुकानातून सीलबंद बाटली विकायला कुणाची परवानगी लागत नाही. पण तीच बाटली उघडून ग्लासात ओतली आणि बसायला खुर्ची दिली, की आमचा परवाना लागायचा. तो एका माणसाला मिळतो आणि ठरावीक खोल्यांसाठी मिळतो. फायलीत घराचा नकाशा असतो, त्यावर लाल पेन्सिलीने खोल्या आखलेल्या असतात. मालकाने हौसेने चार टेबलं मागच्या अंगणात मांडली तर त्याला परत आमच्याकडे यावं लागतं. लोक काय काय विचारायला येत. केस कापताना बायकांना फुकट शॅम्पेन द्यायची तर परवाना लागतो का, असं एका सलूनवालीने विचारलं. एक म्हातारेबुवा बागेतल्या झोपडीसाठी परवाना मागायला आले. तिथे कोण येणार विचारलं तर म्हणाले, कुणी नाही, मी एकटाच पिणार. मी म्हटलं, त्याला परवाना लागत नाही. तर म्हणाले, तेच शिक्का मारून लिहून द्या, बायकोला दाखवायचंय.

या सगळ्या कायद्याचा जीव एका शब्दात होता. त्सुफरलेसिश. म्हणजे भरवशाचा. परवाना मागणारा माणूस भरवशाचा आहे का, एवढंच आम्ही बघायचो. त्यासाठी पोलिसांचा दाखला, टॅक्सवाल्यांचा दाखला, आरोग्याच्या नियमांचा अर्धा दिवसाचा वर्ग. परवाना मिळाला म्हणजे सुटला असंही नाही. तक्रार आली की फाइल पुन्हा उघडायची आणि पुन्हा तोच प्रश्न, हा माणूस अजून भरवशाचा आहे का. उत्तर 'नाही' कडे झुकायला लागलं तर परवाना काढून घेण्याआधी त्याला एक पत्र जातं. आमचा असा असा विचार आहे, तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा, मुदत दोन आठवडे. या पत्राला आनह्योरुंग म्हणतात. मला ते पत्र मनापासून आवडायचं. कुणालाही न ऐकता शिक्षा नाही, हे किती चांगलं. आणि मुदत ही आमच्या धंद्यातली सगळ्यात पवित्र गोष्ट. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलेलं उत्तरही वेळेवर आलेलं असतं, हे मी त्या खात्यात शिकले आणि नको तिथे लावलं.

मी ज्या प्रकरणाबद्दल लिहायला बसले आहे ते दोन हजार सालानंतरच्या एका वसंतातलं आहे. त्या टेबलावरचा तो माझा पहिलाच वसंत. माझी नेमणूक एका वर्षासाठी होती आणि ती जूनमध्ये संपणार होती. पुढे कायम करायचं की नाही हे आमचे साहेब हेर वेबर यांच्या शिफारशीवर होतं. हेर वेबर कमी बोलणारे. त्यांच्या मनात काय आहे ते कळायचं नाही, आणि त्यामुळे मला कायम धाकधूक असायची.

आमच्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा पाडव्याला कधीच नसायचा. इथे सण सुट्टी बघून येतो. त्या वर्षी पाडवा आठवड्याच्या मध्यात होता, म्हणून कार्यकारिणीने पुढचा मोठा वीकएंड शोधला. ईस्टरच्या आधीचा शुक्रवार. सगळ्यांना सुट्टी, पुढे तीन दिवस आराम, आणि गंमत म्हणजे गावोगावचे हॉल त्या दिवशी मोकळे. कुणालाही प्रश्न पडला नाही की एरवी सहा महिने आधी भरणारे हॉल नेमके त्याच दिवशी मोकळे का. विनय मंडळाचा चिटणीस. त्याने मला चांगलं गास्टहाउस विचारलं आणि मी फ्राउ होल्त्सर यांचं सुचवलं. गावातल्या कॅथलिक चर्चच्या भिंतीला लागून जुनं गास्टहाउस, मागे लाकडी जमिनीचा मोठा हॉल, पुढे अंगण. नवरा गेल्यापासून त्या एकट्या चालवत होत्या. साठीच्या आसपास, आडव्या बांध्याच्या, बोलायला रोखठोक.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा मला ऑफिसात फोन आला. भारतीय लोकांचं एक मंडळ हॉल मागतंय, कारफ्रायटागला, दुपारी. चालेल ना? कारफ्रायटाग म्हणजे आपण ज्याला गुड फ्रायडे म्हणतो तो. त्या दिवशी आमच्या राज्यात नाचाला बंदी असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. गावातल्या दोन डिस्कोंना दरवर्षी जायचं ते आठवणीचं पत्र मी स्वतःच पुढे पाठवणार होते. पण माझ्या डोक्यात नाच म्हणजे डिस्को. आपला तो सांस्कृतिक कार्यक्रम. आणि हे तर माझंच मंडळ, तिथे माझ्याच पुरणपोळ्या जाणार होत्या. मी म्हटलं, खाजगी कार्यक्रम आहे, तिकीट नाही, बाहेरचं कुणी नाही, ठीक आहे. "कारफ्रायटागला?" असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हो, त्यांचा सण आहे, जेवतील आणि जातील.

परक्याचा अर्ज असता तर मी कायद्याचं पुस्तक उघडलं असतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की गास्टहाउसच्या जागेत असेल तर संस्थांच्या खाजगी कार्यक्रमातही त्या दिवशी नाच चालत नाही. मी पुस्तक उघडलं नाही. घरच्या कार्याला कुणी कायदा बघतं का.

आमची ईशा तेव्हा दहा वर्षांची. लेझीमच्या तालमीला निघताना ती जर्मनमध्ये म्हणाली होती, आई, पण कारफ्रायटागला तर सगळं शांत असतं ना, आमच्या टीचरने सांगितलंय. तिला तालमीचा कंटाळा आलाय असं मी धरलं आणि मराठीत तिला गाडीत बसायला सांगितलं.

कार्यक्रम छान चालला होता. वाल्डॉर्फची सॉफ्टवेअरवाली मंडळी, हायडेलबर्गची पीएचडी करणारी मुलं, लहान पोरं धरून शंभरएक माणसं. ढोल कायझर्सलाउटर्नच्या विद्यार्थ्यांकडे होता आणि त्यांची ट्रेन चुकली. मग ठरलं की आधी जेवून घेऊ, गुढी ढोल आल्यावर उभारू. पंगती उठल्या, ढोल आला, आणि बरोबर तीन वाजता आम्ही हॉलमधून अंगणात आलो. पुढे गुढी, मागे ढोल, त्यामागे दोन रांगांत लेझीम. मी नऊवारी नेसले होते. शाळेत लेझीम खेळले होते त्याला कैक वर्षं झाली होती, पण हात विसरले नव्हते. ती दहा मिनिटं मला फार आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मला जे माहीत नव्हतं ते असं. कारफ्रायटागला दुपारी तीन वाजता, म्हणजे येशूने प्राण सोडला त्या वेळी, चर्चमध्ये मोठी प्रार्थना असते. त्या दिवशी घंटा वाजत नाही, ऑर्गन वाजत नाही. सगळं गाव काळ्या कपड्यांत, न बोलता बसलेलं असतं. फ्राउ होल्त्सर आपल्या नेहमीच्या बाकावर होत्या. भिंतीपलीकडून त्यांच्याच अंगणातला ढोल त्या सगळ्यांना ऐकू येत होता.

पोलिसांची गाडी आली तेव्हा आधी आम्हाला वाटलं की चुकीच्या जागी लावलेल्या मोटारींचं काही असेल. उतरलेल्या दोघांपैकी एकाला मी ओळखत होते. दर गुरुवारी तो ऑफिसात रिपोर्ट घेऊन यायचा. ढोल थांबला. तो माझ्यासमोर आला, नऊवारीकडे, हातातल्या लेझमीकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "फ्राउ पेंडसे, म्हणजे... आज? या वेळी?"

तोवर चर्चचं दार उघडून माणसं बाहेर आली होती. बुटक्या भिंतीपलीकडे उभी राहून ती आमच्याकडे बघत होती. त्या माणसांत फ्राउ होल्त्सर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं. माझ्या हातातली लेझीम वाजू नये म्हणून मी ती पोटाशी धरून ठेवली. गुढी तशीच आडवी आत नेली.

ईस्टरचा सोमवार सुट्टीचा. मंगळवारी सकाळी रिपोर्ट माझ्या टेबलावर होता. 'पारंपरिक वेषातील सुमारे शंभर भारतीय व्यक्ती, ढोल व धातूची वाद्ये वाजवून अंगणात नृत्य करताना आढळल्या.' माझं नाव नव्हतं. त्या पोलिसाने ते लिहिलं नव्हतं. तो उपकार होता की अडचण, हे मला आजही ठरवता येत नाही.

फ्राउ होल्त्सर यांच्या फायलीत आधीच दोन ताकिदी होत्या. एकदा लग्नातलं संगीत ठरल्या वेळेनंतर चालू राहिलं होतं, एकदा अंगणात नकाशापेक्षा जास्त बाकं मांडली होती. किरकोळच, पण ताकीद ती ताकीद. हेर वेबरनी बुधवारी फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, तिसरी वेळ आहे, परवान्याचा फेरविचार करावा लागेल, आनह्योरुंग पाठवा. मी तोंड उघडलं. ते दारातच उभे होते. मी विचारलं, आजच पाठवू का. ते म्हणाले, आजच.

ते पत्र मी लिहिलं. 'आपण भरवशाच्या आहात किंवा कसे याबद्दल शंका निर्माण झाली असून...' हे वाक्य आमच्या नमुन्यातलं, मी त्यात फक्त नाव घालायचं होतं. त्या बाईंनी विचारूनच सगळं केलं होतं. दोनदा विचारलं होतं. ज्या टेबलावर विचारलं त्याच टेबलावरून त्यांना आता हे पत्र जात होतं, आणि खाली सही माझी होती.

घरी विनयला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तू खोटं कुठे बोलतेयस? तुला कुणी विचारलेलंच नाही." जूनपर्यंत गप्प बस, त्यांना मुदत आहे ना दोन आठवड्यांची, त्या लिहितील काहीतरी, मंडळही लिहील. मंडळाने खरंच माफीचं पत्र लिहायला घेतलं. त्यात प्रत्येकाने आपापली दुरुस्ती सुचवली आणि ते पुढे कित्येक दिवस फोनवरच फिरत राहिलं.

मी सरळ जाऊन सांगितलं तर काय होईल ते मला नीट माहीत होतं. चुकीची तोंडी परवानगी, तीही स्वतःच्याच मंडळाला, शिवाय स्वतः तिथे हजर. मी एखाद्या गास्टहाउसवाल्यावर 'भरवशाचा नाही' असा जो शेरा मारते तोच माझ्यावर बसला असता. आणि नाही सांगितलं तर एका बाईचं चाळीस वर्षांचं गास्टहाउस जाणार होतं. या दोन्हींच्या मध्ये मी एक तिसरी गोष्ट शोधून काढली होती, ती म्हणजे मुदत. दोन आठवडे आहेत, अजून वेळ आहे, असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगत होते.

शुक्रवारी फ्राउ होल्त्सर स्वतः आल्या. काखेत हॉलच्या बुकिंगचं जाडजूड रजिस्टर. खुर्चीत बसल्या, पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं. फेब्रुवारीतली ती तारीख, वेळ दहा वीस, आणि त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं, फ्राउ पेंडसे, ऑर्डनुंग्जआम्ट, ठीक आहे म्हणाल्या. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि काढलं नाही.

मग म्हणाल्या, येत्या रविवारी गावातल्या मुलांचं पहिलं कम्युनियन आहे. आपल्याकडे मुंज असते तसं समजा. नऊ-दहा वर्षांची मुलं, पांढरे कपडे, सगळे नातेवाईक, चर्चमधून निघून जेवायला. घरं वर्षभर आधी हॉल सांगून ठेवतात. त्यांच्याकडे चार घरांचं बुकिंग होतं. पत्र बुधवारी दुपारी आमचा शिपाई घेऊन गेला तेव्हा गास्टहाउसात गिऱ्हाइकं बसली होती. शुक्रवारपर्यंत गावभर झालं होतं की होल्त्सरचं बंद होतंय. तीन घरं जेवण दुसरीकडे हलवायचं म्हणत होती. एक उरलं होतं.

"त्यांना मी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

मी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "म्हणणं मांडायला तुम्हाला दोन आठवड्यांची मुदत आहे, फ्राउ होल्त्सर."

"हो," त्या म्हणाल्या, "मुदत." रजिस्टर मिटलं आणि गेल्या.

शनिवार-रविवार मी घरात कपाटं आवरत बसले. रविवारी सकाळी चर्चची घंटा ऐकू आली. त्या दिवशी ती खूप वेळ वाजत होती. ईशा खिडकीत उभी राहून पांढऱ्या कपड्यांतली मुलं बघत होती. तिने वळून मला विचारलं, जर्मनमध्येच, की त्या बाईंचं हॉटेल आपल्यामुळे बंद होणार का. मी म्हटलं, नाही. मग तिच्याकडे पाठ करून उगाचच टॉवेलांच्या घड्या परत घातल्या.

सोमवारी सकाळी साडेसातला मी ऑफिसात पोचले आणि टिपण लिहिलं. आमच्याकडे फायलीत ठेवायच्या अशा टिपणाला फेरमेर्क म्हणतात. एका पानाचं होतं. फेब्रुवारीत मी फोनवर अशी अशी परवानगी दिली, ती चूक होती, कायदा बघितला नव्हता, कार्यक्रम माझ्याच मंडळाचा होता, मी तिथे हजर होते, मालकिणीचा काही दोष नाही. ते घेऊन मी हेर वेबरांच्या खोलीत गेले.

त्यांनी ते सावकाश वाचलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "सोमवार."

टिपणावर तारीख राहिली असेल असं मला वाटलं. मी त्यांच्याच पेनने तारीख घातली. ते म्हणाले, ठीक आहे, फाइल माझ्याकडे द्या, या प्रकरणाला तुम्ही आता हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी प्रकरण बंद झाल्याचं पत्र फ्राउ होल्त्सर यांना त्यांच्या सहीने गेलं. परवाना राहिला. मला बोलावून त्यांनी पाच मिनिटं अशा भाषेत झापलं की त्यात एकही वावगा शब्द नव्हता आणि मला घाम फुटला. जूनमध्ये मात्र त्यांनी मला कायम करण्याची शिफारस केली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता कबूल करते. या गोष्टीचा मला पुढे अभिमान वाटायला लागला. मंडळात नवीन मुलं आली, ऑफिसातली कुरकुर सांगायला लागली, की मी त्यांना ही गोष्ट सांगायची. नोकरी पणाला लावून मी स्वतःविरुद्ध टिपण लिहिलं, तेही मुदत संपायच्या कितीतरी आधी. गोष्ट रंगायची. ढोलाला लोक हसायचे, पोलिसाला हसायचे, आणि शेवटी जरा गप्प व्हायचे. ती तीन घरं ढोलामुळेच गेली होती असं मी धरून चालले होते. गावाचा राग होता, त्याला मी काय करणार.

फ्राउ होल्त्सर यांनी त्यानंतर हॉल भाड्याने देणं बंद केलं. पुढचं गास्टहाउस तेवढं चालू ठेवलं. काही वर्षांनी सिगरेटबंदीचा कायदा आला, त्यांची रोजची म्हातारी गिऱ्हाइकं पांगली, आणि एका सकाळी त्या परवाना परत करायला माझ्यासमोर येऊन बसल्या. हेर वेबर तोवर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या कपाटातल्या फायली माझ्याकडे आल्या होत्या. परवाना परत घेताना फाइल तपासायची असते. आमच्याकडे फायलीतल्या प्रत्येक पानावर हाताने आकडा घातलेला असतो. मध्येच पान गेलं तर लगेच कळावं म्हणून.

मी पानं मोजत होते. माझं टिपण आलं, त्यावर सोमवारची तारीख. त्याच्या दोन पानं आधी रजिस्टरच्या त्या पानाची फोटोकॉपी होती. दहा वीस, फ्राउ पेंडसे, ठीक आहे म्हणाल्या. हे फायलीत आहे हे मला माहीतच नव्हतं. वरच्या कोपऱ्यात आमच्या ऑफिसचा आवकीचा शिक्का. मी तारीख वाचली. मग टेबलावरच्या कागदावर आठवड्याचे वार मांडून पुन्हा वाचली. गुरुवार होता. त्या माझ्याकडे शुक्रवारी आल्या होत्या.

मी मान वर केली. फ्राउ होल्त्सर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

"हे तुम्ही आधी हेर वेबरना दिलं होतंत?"

"हो. पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी." मग सांगितलं ते असं. हेर वेबरांनी कागद ठेवून घेतला आणि म्हणाले, हे तुमचं स्वतःचं अक्षर, असं कुणीही लिहून आणेल. फ्राउ पेंडसे यांनी स्वतः लिहून दिलं तर मी त्याच तासाला प्रकरण बंद झाल्याचं पत्र देतो, ते तुम्ही त्या घरांना दाखवा. ती लिहील, असं ते म्हणाले. मी विचारणार नाही, ती स्वतःहून येईल.

"मग मला शुक्रवारी का नाही सांगितलंत?"

"रजिस्टर तुमच्यापुढे उघडून ठेवलं होतं की मी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "त्या तिन्ही घरांना मी शनिवारी संध्याकाळपर्यंत थांबा म्हटलं होतं. थांबली होती ती. कम्युनियन रविवारी होतं, फ्राउ पेंडसे. तुम्ही सोमवारी लिहिलंत."

माफ करा म्हणायला हवं होतं, ते त्या क्षणी जमलं नाही. गोष्ट सांगताना दर वेळी ज्या सोमवारापाशी मी छाती काढायची, तो सोमवार त्या बाईंनी इतकी वर्षं असा लक्षात ठेवला होता. परवाना परत केल्याचा फॉर्म मी त्यांच्यापुढे सरकवला. सही कुठे करायची ते दाखवलं.

त्यांनी चष्मा लावला, फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

"याला काही मुदत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हे आजपासूनच लागू होतं."

त्यांनी मान हलवली आणि सही केली.